तोंडी ‘नाही’ घेऊन घरी यायचं नाही

खिडकीवरून परत पाठवलेल्या माणसाची सरकारी दप्तरात कुठंच नोंद नसते. अर्ज फेटाळला तर निदान कागद राहतो, कारण राहतं, सही राहते, त्यावर अपील करता येतं. पण ‘हे होत नाही’, ‘उद्या या’, ‘असले कागद चालत नाहीत’ एवढं ऐकून जो मागं फिरला, तो त्या कार्यालयाच्या लेखी आलेलाच नसतो.

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. नोकरीची पुष्कळ वर्षं बारनिशीवर, म्हणजे टपाल आवक करून घ्यायच्या टेबलावर गेली. तिथं बसून एक गोष्ट पक्की कळली. अर्ज आवक झाला, त्याला क्रमांक पडला, की तो कुणाचा आहे यानं फारसा फरक पडत नाही. नस्ती, म्हणजे फाईल, उर्दू बोलत नाही, बंजाऱ्यांची गोरमाटी बोलत नाही, तिला जिना चढायचा नसतो. माणसामाणसांत फरक केला जातो तो बहुतेक वेळा क्रमांक पडायच्या आधी, खिडकीच्या अलीकडं.

आमच्या नांदेडात हा फरक करायला निमित्तं पुष्कळ. देगलूर नाका, इतवारा, खडकपुरा या बाजूला घराघरात दखनी उर्दू. गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी. धर्माबाद, बिलोली, देगलूरकडून आलेली तेलुगू बोलणारी कुटुंबं. किनवट-माहूरकडचे बंजारा, गोंड, कोलाम. शहराच्या कडेला पालं टाकून राहणारे. आणि बांधकामावर उत्तरेतून आलेली मजूर पोरं. या सगळ्यांना जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नळ, रेशन याच कार्यालयांतून घ्यायचं असतं. मी आता चौफाळ्यात राहते आणि शेजारपाजारच्या बायकांबरोबर कार्यालयात जाते. जी मुलंमुली आपल्या गल्लीतल्या खालाला (मावशीला), याडीला (बंजारा आईला), आजोबांना हाताला धरून तहसीलला किंवा महापालिकेत नेतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

निघायच्या आधी

आधी फलक वाचायचा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 असा कायदा आहे. त्यात अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे, ती देणारा ‘पदनिर्देशित अधिकारी’ ठरलेला आहे, आणि त्याच्यावर प्रथम व द्वितीय अपिलीय प्राधिकारी ठरलेले आहेत. ही यादी, फी आणि लागणारी कागदपत्रं कार्यालयात दिसेल अशी लावणं बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला आणि वय-अधिवास प्रमाणपत्र यांची मुदत 15 दिवस आहे. फलकाचा फोटो काढून ठेवा. फलक कपाटामागं गेला असेल, अक्षरं उडाली असतील, तर ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तीच यादी मिळते. सोबतच्या माणसाला ती वाचून दाखवा, त्याच्या भाषेत सांगा. आपलं काम किती दिवसांत व्हायला हवं हे ज्याला माहीत असतं, तो खिडकीवर वेगळ्या आवाजात बोलतो. हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं आहे.

दुसरं, स्टॅम्प पेपर. कार्यालयाच्या बाहेर टपरीवर गरीब माणसाचे पैसे सगळ्यांत जास्त जातात ते इथं. जात, उत्पन्न, रहिवास, नॉनक्रिमिलेयर यांच्या दाखल्यासाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. पुष्कळ कामांना तर नुसतं साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि स्वतःच सही करून साक्षांकित केलेल्या झेरॉक्स पुरतात. ‘पाचशेचा बाँड आणा’ असं कुणी म्हणालं, तर कोणत्या नियमानं, एवढंच शांतपणे विचारा आणि उत्तर कागदावर मागा.

मूळ कागद कधीही हातचे सोडायचे नाहीत. दाखवायचे, पडताळू द्यायचे, पिशवीत परत ठेवायचे. मराठवाड्यात हे जास्त सांभाळावं लागतं, कारण आपल्याकडचे जुने कागद म्हणजे निजामाच्या काळातले. 17 सप्टेंबर 1948 च्या आधीची शाळेची, जमिनीची, महसुलाची दप्तरं बरीचशी उर्दूत आहेत, काही मोडीत. जातीच्या दाखल्याला तर जुनाच पुरावा लागतो: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. म्हणजे लातूरच्या मराठी घरातल्या पोराला आणि इतवाऱ्यातल्या बागवानाच्या पोराला दोघांनाही पणजोबाचा उर्दू कागद शोधावा लागू शकतो. असा कागद सापडला तर आधी ज्या शाळेचा किंवा भूमी अभिलेखचा तो आहे, तिथून प्रमाणित नक्कल काढा. भाषांतर कुणाचं चालेल हे संबंधित कार्यालयाला एका ओळीच्या अर्जानं विचारा आणि मगच पैसे देऊन करून घ्या. आधी भाषांतर करून नेलं आणि ‘हे चालत नाही’ ऐकलं, असं पुष्कळ जणांचं होतं.

नावाचा घोळ

माझ्या अनुभवात लोक सगळ्यांत जास्त परत फिरतात ते नावापायी. म्हणून इथं जरा थांबते.

सरकारी फॉर्मात तीन चौकोन असतात: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. ही मराठी घरांची रीत. देगलूर नाक्याच्या भाभीच्या घरात आडनाव चालतच नाही. तिच्या आधारवर ‘बेगम’ आहे, रेशनकार्डावर ‘बी’ आहे, बँकेत नवऱ्याच्या नावातला शेख पुढं लावला आहे. तेलुगू कुटुंबात घराचं नाव आधी येतं, तेही बऱ्याचदा एका अक्षरात. शीख बाईच्या एका कागदावर नुसतं ‘कौर’, दुसऱ्यावर त्यापुढं आडनाव. कुठं ‘सिंघ’, कुठं ‘सिंह’. बंजारा घरात ‘राठोड’ आणि ‘राठौड’ दोन्ही. लग्न होऊन आलेल्या मराठी सुनेचं नाव तर सासरी बदलूनच टाकलेलं असतं, तिच्या शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर भलतंच. यांतली एकही बाई खोटं बोलत नसते. ज्या कारकुनानं ज्या दिवशी जसं ऐकलं, तसं तिचं नाव झालं.

यावर करायचं ते असं. एक कागद पायाचा ठरवा. शाळा शिकलेल्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, न शिकलेल्यासाठी जो सगळ्यांत जुना आणि खरा असेल तो. बाकीचे कागद हळूहळू त्याच्याशी जुळवत न्यायचे, उलट नाही. आणि नवा अर्ज भरताना चौकोन रिकामा दिसतो म्हणून आडनाव बनवून टाकू नका. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावरचा पोरगा घाईत असतो, ‘काहीतरी लिहा, नाहीतर सिस्टम पुढं जात नाही’ म्हणतो. तिथं लिहिलेलं ‘काहीतरी’ पुढं आयुष्यभर निस्तरावं लागतं. पायाच्या कागदावर जसं आहे तसंच भरा, आणि सबमिट करायच्या आधी पडद्यावरचं नाव एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचायला सांगा.

लहानसा फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी चालतं. लगेच राजपत्रात नाव बदलायला धावू नका. राजपत्र खऱ्या नावबदलासाठी आहे, वेलांटी-उकारासाठी नाही.

पुढच्या पिढीचा घोळ मात्र आजच थांबवता येतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारीख आणि जन्मठिकाणाचा मुख्य पुरावा झाला आहे. शाळा, वाहन परवाना, मतदार यादी, आधार, सगळं त्यावर. म्हणून बाळंतीण दवाखान्यात असतानाच आईबापांची नावं मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपीत एका चिठ्ठीवर लिहून नर्सच्या हातात द्या आणि फॉर्म भरल्यावर बघायला मागा. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत मोफत होते. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद करा, नाव 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं. छटी, बारसं, अकीका होऊ द्या आणि मग नाव घाला, पण नोंद लांबवू नका. वर्ष उलटलं की तेच काम दंडाधिकाऱ्यापर्यंत जातं.

कोणत्या भाषेत बोलायचं

राज्याचा कारभार मराठीत चालतो आणि तो मराठीतच चालावा असं मलाही वाटतं. मी आयुष्यभर टिपण्या मराठीतच लिहिल्या. पण मराठी न येणाऱ्या माणसानं गाऱ्हाणंच मांडायचं नाही, असा त्याचा अर्थ कुठल्याही कायद्यात नाही. संविधानाचं कलम 350 सांगतं की तक्रारीच्या निवारणासाठी कोणत्याही अधिकाऱ्याकडं निवेदन द्यायचं तर ते संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. उर्दू, तेलुगू, पंजाबी, सगळ्यांना हे लागू आहे.

तरी माझा सल्ला व्यवहाराचा आहे. अर्ज मराठीत लिहा म्हणजे त्याच दिवशी टेबलावर वाचला जाईल. खाली अर्जदाराच्या भाषेत दोन ओळी त्याच्याच हातानं लिहू द्या. लिहिता येत नसेल तर अंगठा घ्या आणि शेजारी लिहा: ‘वरील मजकूर अर्जदारास उर्दूत (किंवा गोरमाटीत, तेलुगूत) वाचून व समजावून सांगितला.’ त्याखाली तुमचं नाव आणि सही. ही ओळ फार कामाची आहे. पुढं कुणी म्हणालं की हिला काय लिहिलंय ते ठाऊक नव्हतं, तर ती ओळ उत्तर देते. आणि ती लिहायची तर खरंच वाचून दाखवावं लागतं, हा तिचा दुसरा फायदा.

माहितीच्या अधिकारात याहून पुढचं आहे. 2005 च्या त्या कायद्याच्या कलम 6 प्रमाणं ज्याला लिहिता येत नाही त्याचं तोंडी म्हणणं लेखी उतरवून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचंच काम आहे. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही माफ.

एक गोष्ट सोबत जाणाऱ्यासाठी. तुम्हाला छान मराठी येतं म्हणून सगळं तुम्हीच बोलू नका. पहिलं वाक्य अर्जदाराला बोलू द्या, तुटक का असेना. ‘मॅडम, मेरे कू आमदनी का दाखला होना’ एवढं खाला बोलली की ती त्या खिडकीसमोर उभी राहिली. तुम्ही तिच्या बाजूला उभं राहायचं, पुढं नाही.

खिडकीवर

ऑनलाइन अर्ज केला असेल तर नंबर आपोआप मिळतो. तो पावतीसकट जपून ठेवा, मोबाइल अर्जदाराचाच टाका, केंद्रचालकाचा नको. मेसेज दुसऱ्याच्या मोबाइलवर जातो आणि इकडं मुदत संपून जाते, हे सारखं घडतं.

कागदी अर्ज असेल तर दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्यायची. लोकसेवा हक्क कायद्यात अर्जाची पोच देणं बंधनकारक आहे, ती मागताना संकोच वाटायचं कारण नाही. कागद कमी आहेत असं म्हणाले तर म्हणा, ‘साहेब, अर्ज आवक करून घ्या, त्रुटी लेखी द्या, पूर्ण करून आणतो.’ हे एक वाक्य पाठ करून ठेवा. आवाज चढवायचा नाही, तरी वाक्य बदलायचं नाही.

कर्मचाऱ्यांची बाजूही सांगते. एका टेबलावर दोघातिघांचं काम असतं, पदं रिकामी असतात, सर्व्हर बंद पडतो, आणि समोर पन्नास माणसं उभी. अशा वेळी माणूस ज्याचं काम लवकर उरकेल त्याला आधी घेतो. ज्याचे कागद जुळत नाहीत, ज्याची भाषा कळत नाही, जो व्हीलचेअरवरून दारातच थांबला आहे, त्याला ‘उद्या’ सांगितलं जातं. प्रत्येक वेळी मनात पाप असतं असं नाही. पण रोजची मजुरी सोडून आलेल्या बाईला ‘उद्या’ची किंमत त्या दिवसाची रोजी देऊन मोजावी लागते. म्हणूनच ‘उद्या’ कागदावर मागायचं.

ओळखीतल्या एका बाईला एका कार्यालयात ‘नवऱ्याला घेऊन या’ म्हणून परत पाठवलं होतं. अर्ज तिचा, दाखला तिचा, वयानं सज्ञान. दुसऱ्या दिवशी ती खालचा अर्ज घेऊन गेली आणि अर्ज आवक झाला. मजकूर असा:

प्रति,
पदनिर्देशित अधिकारी,
(कार्यालयाचं नाव)

विषय: (सेवेचं नाव) साठीचा अर्ज स्वीकारून पोच मिळणेबाबत.

महोदय,
मी दि. (तारीख) रोजी वरील सेवेसाठी अर्ज व सोबत जोडलेली कागदपत्रे घेऊन आपल्या कार्यालयात आले/आलो होते/होतो. अर्ज स्वीकारण्यात आला नाही. त्याचे तोंडी कारण असे सांगण्यात आले: (जे शब्द वापरले तेच लिहा). महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे माझा अर्ज स्वीकारून पोच द्यावी. कागदपत्रांत त्रुटी असल्यास लेखी कळवावे. अर्ज नामंजूर करावयाचा असल्यास त्याचे कारण लेखी नमूद करावे, म्हणजे मला अपील करता येईल.

आपली/आपला विश्वासू,
(सही किंवा अंगठा, नाव, पत्ता, मोबाइल)
सोबत: मूळ अर्ज व कागदपत्रांची यादी.

‘जे शब्द वापरले तेच लिहा’ यावर माझा फार भर आहे. ‘नवऱ्याला आणा’, ‘तुमच्या मोहल्ल्याचे कागद नंतर बघू’, ‘पालावरच्यांना पत्ता नसतो’. हे शब्द कागदावर आले की त्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि असं उत्तर कुठलाही जबाबदार अधिकारी आपल्या सहीनं देत नाही. कुणाचं नाव घेऊन आरोप करू नका, शब्द आणि तारीख पुरे. हा अर्जही घेतला नाही तर थेट पोस्टात जा, मूळ अर्जासह स्पीड पोस्टानं त्याच अधिकाऱ्याच्या पदनामावर पाठवा आणि पावती जोडून ठेवा. तारीख तिथून मोजायला लागा.

जिना, अंगठा आणि पत्ता

अपंग माणसाला उचलून जिना चढवू नका. करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्या माणसाला चारचौघांत पोत्यासारखं नेलं जातं आणि कार्यालयाला रॅम्पची आठवण होत नाही. खालीच थांबा, चिठ्ठी वर पाठवा, कर्मचाऱ्याला खाली बोलवा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करायला सांगतो. त्याच्या कलम 23 प्रमाणं प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. तो मुळात दिव्यांगांच्या नोकरीतल्या तक्रारींसाठी असतो, पण विचारायला सुरुवात तिथून करता येते. त्याचं नाव विचारा. नाव सांगता आलं नाही, तर ते विचारणारा अर्जच आवक करा. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी खाली एक टेबल लागतं. तृतीयपंथी व्यक्तींसाठीही 2019 चा कायदा सार्वजनिक सेवा नाकारायला बंदी घालतो. त्यांच्याबरोबर जाताना रांग कोणती यावरून सुरू होणारी कुजबुज वाढायच्या आधीच आतल्या अधिकाऱ्याला भेटा.

अंगठा हा रेशन दुकानातला त्रास. विटा उचलून, ऊस तोडून, भांडी घासून रेषा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा घेत नाही. केंद्र सरकारनं 24 ऑक्टोबर 2017 ला सगळ्या राज्यांना कळवलेलं आहे की आधार नाही किंवा अंगठा जुळला नाही एवढ्यासाठी पात्र लाभार्थ्याचं धान्य बंद करू नये. दुकानदाराला हे सांगा. दुसरं बोट, घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा हे करून बघा. तरी दिलं नाही तर त्याच दिवशी पुरवठा शाखेत लेखी द्या, महिना संपायची वाट पाहू नका.

बाहेरून आलेल्या मजुराला सांगा की त्याचं कार्ड इथंही चालतं. जून 2022 पासून ‘एक देश एक रेशन कार्ड’ सगळ्या राज्यांत लागू आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात नाव असेल तर प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला 5 किलो धान्य, आणि ते जानेवारी 2023 पासून मोफत. घरची माणसं गावाकडं असतील तर त्यांचा वाटा तिकडं आणि याचा इकडं असं उचलता येतं. अडचण आली तर 14445 वर फोन करा. आपल्या बीडचे ऊसतोड कामगार कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जातात, तेव्हा त्यांनाही हेच उपयोगी पडतं. आपलं माणूस तिकडं परकं असतं, हे इथल्या दुकानदाराला समजावताना मला नेहमी उपयोगी पडलं आहे.

आणि ज्यांना पत्ताच नाही, पालावर किंवा पुलाखाली राहतात, त्यांची सुरुवात मतदार नोंदणीपासून करा. बेघर माणसानं नमुना 6 भरला तर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं त्या ठिकाणी रात्री जाऊन तो तिथं झोपतो का हे बघायचं, पत्त्याचा कागद मागायचा नाही, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. त्या रात्री तुम्ही तिथं हजर राहा.

मुदत संपली तर

अर्ज नामंजूर झाला किंवा मुदत उलटली, की 30 दिवसांच्या आत पहिलं अपील. ते कुणाकडं, हे फलकाच्या फोटोत आहेच. तिथंही काम झालं नाही तर पुन्हा 30 दिवसांच्या आत दुसरं अपील. त्याच्यावर 60 दिवसांच्या आत राज्य लोकसेवा हक्क आयोग. आपल्या आठही जिल्ह्यांसाठी आयुक्त छत्रपती संभाजीनगरला आहेत, मुंबईला जावं लागत नाही. पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही असं ठरलं तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो.

खरं सांगायचं तर आयोगापर्यंत क्वचितच जावं लागतं. पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरच्या साहेबांकडं असतं. अपिलाची सुनावणी लागली की खालच्या टेबलावरचं प्रकरण हलतं. अपिलाचा अर्ज एका पानाचा पुरे: अर्ज क्रमांक, तारीख, मुदत कधी संपली, काय मिळालं नाही. दुःख लिहू नका, तारखा लिहा. मला माहीत आहे की दुःख मोठं असतं. पण अपील ऐकणारा तारखांवर निर्णय देतो.

काही कामं या कायद्यात बसत नाहीत. गल्लीत कचरागाडी येत नाही, मोहल्ल्याचा रस्ता सोडून पुढचा झाला, नळाला पाणी शेजारच्या वॉर्डापेक्षा उशिरा येतं. अशा वेळी ‘आपले सरकार’वर तक्रार टाका, किंवा लोकशाही दिनाला, म्हणजे अधिकारी लोकांची गाऱ्हाणी समोर ऐकतात त्या दिवशी, जा. जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त यांचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, विभागीय आयुक्तांचा दुसऱ्या, तालुक्याचा तिसऱ्या. अर्ज 15 दिवस आधी, विहित नमुन्यात, दोन प्रतींत द्यायचा असतो. एकच अडचण: तिथं निवेदन वैयक्तिक लागतं, सामूहिक घेत नाहीत. म्हणून गल्लीतल्या शंभर सह्यांचा एक अर्ज करण्याऐवजी पाचसहा घरांनी आपापला वेगळा अर्ज द्यायचा, प्रत्येकानं आपल्या दारासमोरचं लिहायचं. वेगवेगळ्या जातीधर्माची घरं निवडा. एकाच रस्त्याबद्दल कांबळे, शेख, राठोड आणि देशमुख यांचे अर्ज एकाच सोमवारी ऐकले गेले, तर तो प्रश्न कुणा एका समाजाचा म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

जातीवरून अपमान करून हाकललं असेल, तर ते नुसत्या तक्रार अर्जाचं काम नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसासाठी 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पोलिसांत जायच्या आधी किंवा पोलीस ऐकत नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, फोन 15100. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि दिव्यांग यांना तिथं उत्पन्न किती हे न बघता वकील मोफत मिळतो. जाताना काय न्यायचं ते एकदा तपासा: अर्जाची पोच, फलकाचा फोटो, स्पीड पोस्टाची पावती, आणि कोण काय म्हणालं त्याची त्याच संध्याकाळी तारखेसह लिहून ठेवलेली नोंद. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स, मूळ कागद वेगळ्या पिशवीत.